तक्रार, चर्चा आणि दिलगिरी

औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शहागंजात कापड घेताना भाव पाडून मागितला की गल्ल्यावरून उत्तर येतं, ‘हुज्जत नको, एकच भाव.’ तरी गिऱ्हाईक हुज्जत घालतंच. दोघं आपापल्या आकड्यावरून थोडेथोडे सरकतात, पिशवी हातात पडते, हुज्जत मिटते. मिटणं भागच असतं, कारण एकाला माल विकायचा असतो आणि दुसऱ्याला तो घेऊन घर गाठायचं असतं. वृत्तवाहिन्यांवर रोज संध्याकाळी जी हुज्जत चालते तिथे कुणालाच काही विकत घ्यायचं नसतं. म्हणून ती मिटत नाही. जाहिराती आल्या की थांबते, एवढंच.

खरं तर ‘हुज्जत’ हा शब्द मोठ्या घरचा. अरबीत ‘हुज्जा’ म्हणजे पुरावा, समोरच्याची बोलती बंद करणारं प्रमाण. इमाम गझालीला ‘हुज्जत-उल-इस्लाम’ म्हणत, ते काही तो भांडकुदळ होता म्हणून नव्हे. इराणात आजही एका पायरीवरच्या धर्मपंडितांच्या नावामागे हाच किताब लागतो. मराठीत येईतो त्यातला पुरावा गळाला आणि आवाज तेवढा राहिला. वर आपण त्याला ‘खोर’ जोडून दिलं. फारसीत ‘खोर’ म्हणजे खाणारा. लाचखोराने लाच खावी तशी हुज्जतखोराने हुज्जत खावी. रात्री आठ-नऊच्या सुमाराला टीव्ही लावला की अशी जेवायला बसलेली पंगत दिसते.

असल्या शब्दांचा धांडोळा घ्यायला शहागंज सोयीचं. इथे ते कोशात शोधावे लागत नाहीत, हातगाडीवर ऐकू येतात. खुद्द ‘गंज’ हाच फिरस्ता शब्द. जुन्या इराणी भाषेत तो खजिना होता. पश्चिमेला ग्रीकांनी त्याचं ‘गाझा’ केलं, पूर्वेला तो संस्कृतात शिरला आणि कल्हणाच्या राजतरंगिणीत भांडाराच्या अर्थाने जाऊन बसला. भांडाराचं कोठार झालं, कोठाराचा बाजार. या बाजारात १७२०च्या सुमाराची मशीद आहे, निजामकाळातला घड्याळाचा मनोरा आहे, गांधीजींचा पुतळा आहे, आणि सणाच्या दिवसांत पाय ठेवायला जागा नाही. १९४८पर्यंत या भागाची कचेरी उर्दूत चालली. त्यामुळे पुण्याच्या मराठीत जे अरबी-फारसी शब्द पाहुण्यासारखे अंग चोरून बसतात, ते इथे मांडी घालून बसलेले असतात. माधव जूलियनांचा फारशी-मराठी कोश १९२५चा. तो चाळताना पुण्यातल्या वाचकाला नवल वाटलं असेल. शहागंजातल्या वाचकाला तो आपल्याच गल्लीची मतदारयादी वाटावी.

वादाचे बहुतेक शब्द याच यादीतले. ‘मुद्दा’ घ्या. अरबीत तो ‘मुद्दआ’, म्हणजे ज्यावर दावा सांगितला आहे ते. ‘दावा’ आणि ‘मुद्दई’ हे त्याचेच सख्खे भाऊ. पोलीस चोराला ‘मुद्देमालासह’ पकडतात तो मालही या दाव्यातलाच. म्हणजे मुद्दा मांडणं हे मूळचं कोर्टातलं काम, आणि तिथे मुद्द्यामागे माल दाखवावा लागे. ‘मुद्द्याचं बोला’ असं निवेदक दर दोन मिनिटांनी विनवतो तेव्हा पाहुण्यापाशी मुद्दा हमखास असतो. अडचण मालाची असते.

‘बहस’ त्याहून खोल. अरबी मुळात तिचा अर्थ खणणं, जमीन उकरणं. कुराणात आदमच्या एका मुलाने दुसऱ्याला मारल्यावर एक कावळा जमीन उकरून दाखवतो, भावाचं प्रेत कसं पुरावं ते शिकवतो. त्या उकरण्याला हेच क्रियापद आहे. पुढे त्याचा अर्थ शोध असा झाला आणि आजच्या अरबीत संशोधनालाही हाच शब्द चालतो. उर्दूत आणि आपल्या दखनीत मात्र बहस म्हणजे वादावादी. तरी खणण्याचा वास पुरता गेलेला नाही. कुणाच्या आजोबाने १९७५ साली काय म्हटलं होतं ते उकरून काढल्याशिवाय एकही बहस पुरी होत नाही. उकरलेलं परत पुरायचं कसं, हे दाखवणारा कावळा तेवढा पॅनेलवर नसतो.

पण मला सगळ्यांत नवल वाटतं ते ‘तक्रार’ या शब्दाचं. दखनीत अजून ‘तकरार’. अरबीत त्याचा साधा अर्थ पुनरावृत्ती. तेच ते परत म्हणणं. त्यात रुसवा नाही, भांडण नाही, पोलीस ठाणं तर नाहीच. मदरशांतून आजही धडा झाल्यावर मुलं टोळक्याने बसून तो पुन्हा घोकतात, त्याला ‘तकरार’ म्हणतात. एक मुलगा उस्तादांचा धडा जसाच्या तसा म्हणतो, बाकीचे त्याच्या चुका धरतात. फारसी-उर्दूत या परत म्हणण्याचं ‘तेच तेच बोलून वाद घालणं’ झालं. मराठीत आणखी एक पायरी उतरून ते गाऱ्हाणं झालं आणि जोडाक्षर लावून अर्जात जाऊन बसलं. तक्रार निवारण कक्षात ज्याने चार खेपा घातल्या आहेत त्याला मूळ अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

आता ‘चर्चा’ बघा. हा शुद्ध संस्कृत, सोवळ्यातला, परिसंवादाच्या निमंत्रणपत्रिकेत शोभणारा शब्द. वेदपठणाच्या परंपरेत चर्चा म्हणजे काय? तर पद परत म्हणणं. पाठ म्हणताना एखादं पद ‘इति’ लावून पुन्हा उच्चारायचं, ती चर्चा. अमरकोशात तिचे दोन अर्थ दोन ठिकाणी सापडतात. एका जागी विचारणा, दुसऱ्या जागी अंगाला चंदन-उटणं फासणं. चंदनचर्चित मूर्तीतला ‘चर्चित’ हा दुसरा. आज वर्तमानपत्रांत ‘चर्चित चेहरा’ छापून येतो तेव्हा छापणाऱ्याच्या मनात पहिला अर्थ असतो. स्टुडिओत मेकअप करून बसलेल्या पाहुण्याला दुसराही लागू पडतो.

म्हणजे तक्रार आणि चर्चा या दोघींचा जन्म शाळेतलाच. एक मदरशाची, एक वेदशाळेची. दोघींचं काम एक, की ऐकलेलं पुन्हा म्हणून पक्कं करायचं. दोघींच्या परत म्हणण्याला ऐकणारा होता आणि चूक निघाली की तिथेच थांबवणारा होता. पुढे एकीच्या कपाळी गाऱ्हाणं आलं, दुसरी प्रतिष्ठित झाली, आणि हल्ली दोघी एकाच पडद्यावर सहा चौकटींत भेटतात. तिथे सगळे सहा जण म्हणणारे.

त्या पडद्याला आपण ‘वाहिनी’ म्हणतो. चॅनेलला मराठी शब्द हवा म्हणून कुणीतरी काढला आणि तो रुजला. भाषांतर चोखच आहे. चॅनेलच्या मुळाशी लॅटिनमधला कालवा आहे, वाहिनीत प्रवाह आहे. ज्या गावात मलिक अंबराने नहर काढून पाणी खेळवलं, तिथे हा शब्द कुणाला परका वाटू नये. मात्र संस्कृतात वाहिनीला दुसराही अर्थ आहे, आणि तो शब्द काढणाऱ्याच्या ध्यानी आला होता की नाही कोण जाणे. वाहिनी म्हणजे सैन्याची तुकडी. कोशांनी तिचा हिशोबसुद्धा मांडला आहे. ८१ हत्ती, ८१ रथ, २४३ घोडे, ४०५ पायदळ. मराठीत झी २४ तास आणि स्टार माझा २००७ साली आले, पुढच्या वर्षी आयबीएन लोकमत आली. त्यानंतर वाहिनीतला प्रवाह कमी कमी होत गेला आणि पायदळ वाढलं. ‘डिबेट’ शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला, त्याच्या पोटात बडवणं आहे. तेव्हा दोन्हीकडचे पूर्वज सावध करून गेले होते. ‘आजचा सवाल’सारख्या कार्यक्रमांनी घराघरात सवयीचा केलेला ‘सवाल’ हा शब्द तेवढा त्या मानाने गरीब. अरबीत त्याच धातूपासून ‘साइल’ होतो, म्हणजे प्रश्न विचारणारा, आणि भीक मागणाराही. विचारणं हे मागणंच असतं, हे अरबी भाषेला ठाऊक होतं.

पाहुण्यांच्या नावाखाली जी पट्टी येते ती वाचण्यासारखी असते. ‘प्रवक्ता’. पाणिनीने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. ग्रंथ स्वतः रचणं निराळं आणि तो प्रवचनाने सांगणं निराळं. दोहोंसाठी सूत्रंही वेगळी. प्रवक्ता हा सांगणारा. शास्त्र त्याला परंपरेने मिळालेलं, तो ते शिष्यांपुढे उलगडतो. उत्तरेत कॉलेजातल्या अध्यापकाला अजून प्रवक्ता म्हणतात ते यामुळेच. पक्षाचा प्रवक्ता या व्याख्येत चपखल बसतो. ग्रंथ दुपारी व्हॉट्सॲपवर वरून आलेला असतो, संध्याकाळी त्याचं प्रवचन. त्याला ‘तुमचं स्वतःचं मत काय?’ असं विचारणारा निवेदक व्याकरण विसरलेला असतो.

‘राजकीय विश्लेषक’ ही दुसरी पट्टी. ‘श्लिष्’ म्हणजे मिठी मारणं. श्लेष अलंकारात एका शब्दाला दोन अर्थ बिलगलेले असतात. ‘विश्लेष’ म्हणजे ती मिठी सुटणं, आणि संस्कृत काव्यात हा शब्द विरहात सापडलेल्या प्रेमिकांसाठी येतो. तेव्हा विश्लेषक तो, ज्याने मिठी सोडली आहे. या कसोटीला उतरतात असे काही जण मराठी पडद्यावर आहेतही, पण निवेदक त्यांच्याकडे वळेपर्यंत वेळ संपत आलेली असते. बाकीच्यांचा श्लेष कुणाशी आहे ते घरातली म्हातारी माणसंही पहिल्या वाक्याला सांगतात.

तिसरं नाव पट्टीवर येत नाही, दुसऱ्या दिवशीच्या अग्रलेखात येतं. ‘वाचाळवीर’. ‘वीर’ ही मराठी वार्ताहरांची भर. वाचाळ मात्र जुना आहे, आणि पाणिनीने त्यासाठी सूत्र खर्ची घातलं आहे. ‘वाच्’ला ‘ग्मिनि’ लावला की वाग्मी. ‘आल’ आणि ‘आट’ लावले की वाचाल आणि वाचाट, दोन्ही बहुभाषी. नुसतं एवढंच म्हटलं तर पुष्कळ बोलणारा कुणीही वाचाळ ठरेल, हे पुढच्या वैयाकरणांना खटकलं. त्यांनी जोड दिली की हा प्रत्यय निंदेचा समजावा, पुष्कळ पण नीट बोलणारा तो वाग्मीच. व्याकरण लिहिणाऱ्यांना माणसांची इतकी पारख असते हे शाळेत कुणी आपल्याला सांगितलं असतं तर संधी-समास इतके कडू लागले नसते.

आता खरा खजिना. गौतमाच्या न्यायसूत्रांत वादाचे तीन प्रकार आहेत. सत्य कळावं म्हणून होतो तो वाद. जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता नुसतं समोरच्याचं खोडायचं, ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ म्हणताना आपण तिसऱ्याला पहिल्याचं आडनाव लावतो. चरकसंहितेत वैद्यांनी आपसात कसं बोलावं याचे दोन मार्ग सांगितले आहेत, संधाय संभाषा आणि विगृह्य संभाषा. एकीत जोडून बोलायचं, दुसरीत भिडून. भिडण्याआधी समोरचा कसा आहे आणि जमलेली परिषद कुणाच्या बाजूची आहे हे जोखून घे, असा व्यवहारी सल्लाही चरकाने देऊन ठेवला आहे. टीआरपी निघण्याच्या किती आधी!

न्यायसूत्रांत पुढे बावीस निग्रहस्थानं येतात. निग्रहस्थान म्हणजे जिथे पकडलं की तू हरलास, अशी जागा. ही यादी वाचताना हसू आवरत नाही. ‘अर्थांतर’, विषय सोडून भलतंच बोलणं. ‘प्रतिज्ञासंन्यास’, अडचणीत आल्यावर ‘मी असं म्हटलंच नव्हतं’ म्हणून हात झटकणं. ‘अविज्ञातार्थ’, तीनदा सांगूनही परिषदेला आणि प्रतिवादीला न कळेल असं बोलणं. ‘विक्षेप’, दुसरं काम आहे असं सांगून वाद मध्येच टाकून उठणं. याला हल्ली ‘मला दुसऱ्या चॅनेलवर जॉइन व्हायचंय’ म्हणतात. आणि माझी आवडती, ‘मतानुज्ञा’. समोरच्याने दोष दाखवला, तर तो न फेडता ‘तुझ्यातही हाच दोष आहे’ असं म्हणायचं. ‘तुमच्या काळात काय झालं?’ हे वाक्य कुठल्याही पक्षाच्या पाहुण्याच्या तोंडी रोज ऐकू येतं. गौतमाने त्याचं मर्म नावातच सांगितलं आहे. अनुज्ञा म्हणजे संमती. तुझ्यातही आहे असं म्हणालास, म्हणजे तुझ्यात आहे हे मान्य केलंस. हरलास.

याच यादीत एक ‘पुनरुक्त’ आहे. तेच ते परत म्हणणारा हरतो. पण सूत्रकाराने त्यातून एक अपवाद काढून ठेवला आहे, ‘अनुवाद’. मराठीत अनुवाद म्हणजे भाषांतर, न्यायात मात्र काही कामासाठी मुद्दाम केलेलं परत म्हणणं. मदरशातली तकरार आणि वेदशाळेतली चर्चा ही अनुवादात बसते, स्टुडिओतली पुनरुक्तात. बोलण्याची क्रिया तीच, फरक एवढाच की वर्गात परत म्हणणाऱ्याच्या चुका धरायला कुणी बसलेलं होतं. वादसभेतही मध्यस्थ असत. निग्रहस्थान आलं की ते सांगत आणि वाद तिथे थांबे. मुस्लीम विद्यापरंपरेत ‘आदाब-उल-बहस’ नावाचं असंच शास्त्र आहे. त्यातही प्रश्नकर्त्याने काय विचारावं, उत्तर देणाऱ्यावर कशाचा भार, वाद कुठे संपला म्हणायचा हे ठरलेलं. आजचा निवेदक नावाने ‘निवेदन’ करणारा, म्हणजे अदबीने कळवणारा. त्याला बावीस जागा पाठ नसतात असं नाही. पण पहिल्या जागेवरच पाहुणा हरला असं जाहीर केलं तर उरलेल्या पन्नास मिनिटांत दाखवायचं काय?

शब्दावरून वाद पेटतात आणि शब्दानेच कधी मिटतात, हे या शहराने जवळून पाहिलं आहे. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ला झाला आणि त्यावरून दलित वस्त्या जळाल्या. लढा ‘नामांतरा’चा होता. १४ जानेवारी १९९४ला जे झालं त्याला ‘नामविस्तार’ म्हणतात, कारण नाव बदललं नाही, वाढलं. ‘अंतर’च्या जागी ‘विस्तार’ बसायला जवळजवळ सोळा वर्षं गेली. शहराच्या नावाचं तर काय सांगावं. ते बदलायला केंद्राची मंजुरी फेब्रुवारी २०२३ची, पण त्याआधी कितीतरी वर्षं पाहुणा या शहराला कोणत्या नावाने पुकारतो त्यावरून त्याचा पक्ष कळे. न्यायशास्त्रात अनुमानाची पहिली पायरी ‘प्रतिज्ञा’, हेतू आणि उदाहरण नंतर, निगमन म्हणजे निष्कर्ष शेवटी. इथे शहराचं नाव उच्चारलं की प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, निगमन सगळं एका शब्दात उरके. इथल्याच इम्तियाज जलील यांनी एनडीटीव्हीच्या वार्ताहराचा माईक ठेवून २०१४ला आमदारकी आणि २०१९ला खासदारकी मिळवली. विचारणारा उत्तर देणाऱ्याच्या खुर्चीत गेला की त्याला दोन्ही बाजूंची निग्रहस्थानं ठाऊक असतात, हे विरोधकांनाही मान्य व्हावं.

रात्रीच्या बोलण्याचा हिशोब सकाळी होतो, आणि त्याचेही शब्द ठरलेले आहेत. आधी ‘खुलासा’. अरबी-फारसीत खुलासा म्हणजे सार, लांबलचक मजकुराचा काढलेला अर्क. मराठीत खुलासा मूळ विधानापेक्षा हमखास लांब असतो. खुलाशाने भागलं नाही तर ‘विपर्यास’. संस्कृतात तो उलटापालट, आणि मराठीत तो नेहमी दुसऱ्यानेच केलेला असतो, ‘माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला.’ स्वतः विपर्यास केल्याची कबुली अजून कुणी दिलेली ऐकिवात नाही.

तेही पुरलं नाही तर माफी मागा असा आरडाओरडा होतो, आणि पाहुणा ‘दिलगिरी’ व्यक्त करतो. वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटतात. माफीमागे अरबीतलं ‘मुआफ’ आहे, सूट मिळालेला. माफीची जमीन म्हणजे जिचा सारा सरकारने सोडला ती. माफी द्यायला समोर कुणीतरी लागतो, आणि तो नाहीही म्हणू शकतो. दिलगिरी फारसी. दिल म्हणजे काळीज, ‘गीर’ म्हणजे धरणारा. दिलगीर तो, ज्याचं काळीज धरलं गेलं आहे, जो उदास आहे. त्यात कुणाकडे काही मागितलेलं नाही, चूक कबूल केलेली नाही, फक्त आपलं मन कसंनुसं झालं आहे एवढं कळवलेलं आहे. पत्रकार परिषदेत माफी आणि दिलगिरी यांतला हा फरक कुणी विचारत नाही. जे दिलगिरी व्यक्त करतात त्यांना तो बरोबर माहीत असतो.